दोन बोटे सरकलेला नाडा

मित्रांनो, बकारामच्या गोठ्यात शिरलात की जरा वर पाहा. दोन खुंट्यांवर आडवे ठेवलेले, मधोमध झिजलेले एक लाकूड दिसेल. ते मी. मी एक जुने जू आहे. दोन बैलांच्या मानेवर मी बसायचे आणि माझ्या मधल्या खाचेत गाडीची धुरी, म्हणजे पुढचा लांब दांडा, नाड्याने, म्हणजे जाड दोराने, करकचून बांधली जायची. दिसायला मी साधेच आहे. पण बैलाच्या पाठीवर थाप मारणाऱ्यांना जे कळत नाही ते मानेवर बसणाऱ्याला कळते, एवढा गर्व मी बाळगते.

सन पन्नासच्या उन्हाळ्यात उदाराम सुताराने मला तिवसाच्या लाकडातून घडवले. त्याचा हात मोठा नेमका होता. मधोमध दोर बांधून त्याने मला टांगले आणि दोन्ही बाजू सारख्या तोलल्याशिवाय रंधा खाली ठेवला नाही. "आता बैल काही तक्रार कराचे नाही," तो म्हणाला. बैलांनी केलीही नाही. तक्रारी आल्या त्या माणसांच्या.

मला दोघांनी मिळून करवून घेतले होते. बकाराम आणि इंदरलाल हे कामठ्याकडच्या एकाच गावचे कास्तकार, शेताला लागून शेत. बकारामकडे एकच बैल, पाखऱ्या. इंदरलालकडेही एकच, कोशाच्या रेशमाच्या रंगाचा, म्हणून त्याचे नाव कोसा. एका बैलाने नांगर चालत नाही, तेव्हा दोघांनी जोडी जमवली. एक दिवस याची बांधी, म्हणजे धानाचे शेत, एक दिवस त्याची. इंदरलाल जातीने पोवार. आपले पूर्वज माळव्यातून आले हे तो अशा थाटात सांगे, की वाटावे कालच सामान उतरवले आहे.

"मंग वापस कवा जाऊन राहिला गा?" बकाराम विचारी.

"तुले पटात हारवलो का मंग जाईन," इंदरलाल म्हणे. दोघेही हसत. पण त्या हसण्यात थोडी खाज होतीच, हे मी तेव्हाच ओळखले होते.

धान कापून झाले की आमच्या भागात शंकरपट भरतो. बैलजोड्यांची ती शर्यत. हलकासा छकडा, त्यात एकटा हाकणारा, शेजारून दुसरी जोडी, आणि दोन्ही बाजूंनी ओरडणारी माणसे. आमच्या जोडीचा नियम असा होता, की एका साली एकाने हाकायचे आणि दुसऱ्याने जुंपायचे. पंचावन्न साली बकारामने हाकले आणि आम्ही जिंकलो. छप्पन साली इंदरलालने हाकले आणि पुन्हा आम्हीच जिंकलो. सलग तिसऱ्या वर्षी जिंकणाऱ्या जोडीला जरीचे निशाण कायमचे मिळणार होते.

आता निशाण एक आणि अंगणे दोन. छप्पनच्या पटात पाखऱ्याचे तोंड कोसाच्या पुढे होते आणि लोकांनी हार त्याच्याच गळ्यात घातला होता. बकारामची छाती फुगली. "पुढच्या साली शेवटच्या दौडीत ज्याचा बैल पुढं, त्याच्या आंगनात निशान," तो म्हणाला. इंदरलाल कबूल झाला. म्हणजे आता दोघांना एकमेकांच्या साथीने जिंकायचेही होते आणि एकमेकांना हरवायचेही होते.

मित्रांनो, एक गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती, पण मला कोण विचारणार? त्या छप्पनच्या पटात जुंपताना बकारामने नाडा मधल्या खाचेतून बोटभर कोसाच्या बाजूला सरकवला होता. धुरी ज्या बैलाकडे सरकते त्याच्यावर ओझे जास्त पडते. दुसरा मोकळा होतो आणि पुढे दिसतो. पाखऱ्या पुढे दिसला तो त्यामुळे. बकाराम वाईट माणूस नव्हता. आपल्या बैलाच्या कौतुकापायी त्याचे भान सुटले, इतकेच. मला मात्र फार लाज वाटली.

आठ दिवसांनी इंदरलालची बायको सुखवंता कोसाच्या मानेला हळद-तेल लावत होती. ती म्हणाली, "याचीच मान काऊन सुजली? पाखऱ्याची तं चांगली हाय." इंदरलालने मला उचलून उजेडात धरले. नाडा घासल्याचा ताजा वण खाचेच्या बाहेर, कोसाच्या बाजूला बोटभर अंतरावर उमटलेला होता. त्याने बोट लावून ते अंतर मोजले आणि मला पुन्हा जागेवर ठेवले. नांगरणी झाली, धानाची रोवणी झाली, पण बकारामसोबत बसून तंबाखू मळणे त्याने सोडले.

सत्तावन्न उजाडले. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. पटाच्या गर्दीत मात्र सगळ्यांच्या तोंडी आमचीच जोडी होती. या साली बकाराम हाकणार आणि इंदरलाल जुंपणार होता. शेवटच्या दौडीत समोर शेजारच्या गावच्या केशोरावांची पांढरीशुभ्र, उंचपुरी जोडी उभी राहिली.

"नाडा बराबर मधात बांधजो गा," छकड्यात चढता चढता बकाराम म्हणाला. त्याच्या मनात चोर होता, म्हणूनच त्याला ते सुचले.

"तू हाक. बांधनं माह्यं काम हाय," इंदरलाल तुटकपणे बोलला.

त्याने नाडा हातात घेतला आणि सरळ पाखऱ्याच्या बाजूला ओढला. मी मनात म्हटले, झाले, वर्षभराचा राग आता फिटतो. एवढे बोटभर सरकले असते तर कोसा पुढे दिसला असता आणि निशाण इंदरलालच्या अंगणात गेले असते. तसे करणे त्याला चूकही वाटले नसते.

पण गाठ मारण्याआधी त्याचा हात सवयीने पाखऱ्याच्या मानेवर गेला आणि तिथेच थांबला. मान तापली होती. आधीच्या दौडीनंतर पाखऱ्याचा पुढचा पाय बारीक थरथरत होता, ते मला केव्हाचे जाणवत होते. बकाराम वर उभा राहून गर्दीला हात दाखवत होता. त्याला याचा पत्ता नव्हता. इंदरलालने एकदा कोसाकडे पाहिले, त्याच्या कपाळावर हात फिरवला, आणि नाडा उलट्या बाजूला नेला. कोसाकडे. चांगला दोन बोटे. मग त्याने गाठ मारली.

डफ वाजला आणि आम्ही सुटलो. मी आयुष्यात खूप ओझी पेलली, पण कोसाने त्या दौडीत जे ओढले तसे मी पुन्हा कधी अनुभवले नाही. निम्म्या वाटेपर्यंत केशोरावांची जोडी पुढे होती. कोसाची मान माझ्याखाली दगडासारखी घट्ट झाली. पाखऱ्या मोकळा झाला होता, त्याला पाय उचलता येत होते. शेवटी वीतभर अंतराने आम्ही जिंकलो आणि सगळ्यांत पुढे तोंड होते पाखऱ्याचे.

हार पाखऱ्याच्या गळ्यात पडला. निशाण बकारामच्या हातात आले.

"पाह्यलं का गा इंदरलाल? कोसा मांगंच रायला!"

"पाह्यलं," इंदरलाल म्हणाला आणि पाण्याची बादली आणायला गेला.

बकाराम नाडा सोडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याने खाचेपासून बोटे मोजली. एक, दोन. नाडा कोणत्या बाजूला आहे हे त्याने पुन्हा पाहिले. मग घाईने पाखऱ्याच्या मानेला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

इंदरलाल बादली घेऊन आला तेव्हा बकाराम छकड्यावर उभा होता. "आइका गा!" तो गर्दीला ओरडून म्हणाला. "मांगच्या साली म्या नाडा कोसाकडं सरकवला होता. चोरून. आज इंदरलालनं बी सरकवला, माह्या बैलाले वाचवाले. निशान त्याचं हाय."

वर्षभर "माझ्या अंगणात" म्हणून भांडणारे ते दोघे मग गावी पोहोचेपर्यंत "तुझ्या अंगणात" म्हणून भांडले. इतके, की सुखवंताने दोघांच्या हातून निशाण ओढून घेतले आणि दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवून टाकले.

पाखऱ्याने त्यानंतर दोन वर्षे नांगर ओढला. तो गेला, त्याच्या मागोमाग मलाही तडा गेला, आणि आता साठ सालात माझ्या जागी नवे जू आले आहे. मला विसरलात तरी चालेल. पण मित्रांनो, तुमचाही कोणी जोडीदार असेल, कदाचित त्याच्याशी चढाओढही असेल. दौड सुरू होण्याआधी त्याच्या मानेवर एकदा हात ठेवून पाहा. ती तापलेली लागली, तर नाडा दोन बोटे आपल्याकडे ओढून घ्या, कोणी पाहत नसले तरी.