चंपतरावांची साखर

चंपतरावांनी गोड सोडून वर्ष होत आलं होतं, आणि घरात ते कोणालाच खरं वाटत नव्हतं.

गोळीबार चौकामागच्या गल्लीत त्यांचा माग होता. लुगडी विणण्यातच उभा जन्म गेलेला. लघवीत साखर निघाली तेव्हा धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यांनी सगळं केलं. चहा बिनसाखरेचा, भात बंद, लग्नाच्या पंगतीत बसले तरी पानातल्या गोडाला हात न लावता उठायचे. गोळ्या वेळच्या वेळी. रोज सकाळी त्यांची बायको रुख्मिणी काचेच्या नळीत निळं औषध घेई, त्यात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरी. औषध निळं राहिलं तर साखर नाही, हिरवट झालं तर थोडी, विटकरी झालं तर फार. रोज विटकरीच व्हायचं.

"काल काय खाल्लं?" ती विचारायची.

"तू वाढलं तेच."

"मंग हे असं काहून होऊन राहिलं?"

त्यात शेजारच्या तुळजाबाईनं त्यांना इतवारीतल्या हॉटेलात बसलेलं पाहिलं. ते फिका चहा पीत होते, पण समोर मिठाईचं कपाट होतं, एवढंच तिला पुरलं; तिनं ते रुख्मिणीच्या कानावर घातलं. त्या दिवसापासून रुख्मिणी त्यांच्या सदऱ्याचे खिसे झटकून पाहू लागली. त्यांच्या तोंडाला वास येतो म्हणून तिनं आपलं अंथरूण आधीच पलीकडे नेलं होतं. तोही त्या चोरून खाण्याचाच वास, असं तिनं आता ठरवून टाकलं. राखेनं दात घासताना चुळीतून रक्त यायचं. ते सगळ्यांनाच येतं, अशी चंपतरावांची समजूत होती.

पावसाळा सरता सरता मागाच्या पायाखालच्या पावडीत सापडून त्यांच्या डाव्या पायाचं बोट ठेचलं. जखम भरेना. धंतोलीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साखर उतरल्याशिवाय ही भरायची नाही. तुम्ही पथ्य पाळत नाही, चंपतराव. माझ्याशी खोटं बोलून नुकसान तुमचंच आहे."

"साहेब, मी काहीच खात नाही."

"सगळे असंच म्हणतात."

बाहेर बाकावर बसलेल्या रुख्मिणीनं ते ऐकलं.

मग एके दिवशी भाकरीचा तुकडा चावताना चंपतरावांची दाढ हलली. ठणका सोसेना म्हणून ते महाल भागातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं हिरडी बोटानं दाबली तशी दातांच्या मुळाशी पिवळा पू आला. इथे आला, तिथेही आला. डॉक्टरनं हात धुतले आणि विचारलं, "साखर आहे का तुम्हाला?"

"आहे. काही केल्या उतरत नाही."

"कशी उतरेल? तोंडभर पू आहे. शरीरात असं कुठं सडत असलं की साखर औषधाला दाद देत नाही. हे दात काढावे लागतील. पण एवढ्या साखरेवर मी हात लावणार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून या."

वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी चंपतरावांना खोटं ठरवलं नव्हतं. ते तसेच लंगडत धंतोलीला गेले. तिथले डॉक्टर हसले. "दातांचा आणि साखरेचा काय संबंध? आधी साखर उतरू द्या, दात मग पाहू." चंपतराव महालात परत आले. दातांचा डॉक्टर म्हणाला, "त्यांच्या होकाराशिवाय मी काढणार नाही. काही झालं तर जबाबदार कोण?" पुन्हा धंतोली, पुन्हा महाल. दिवाळी आली नि गेली. बोट काळं पडू लागलं.

शेवटी ते धंतोलीच्या दवाखान्यात जाऊन बसले. तपासणी आटोपली तरी उठले नाहीत.

"महालातले डाक्टर म्हणते दात काढल्याशिवाय साखर उतरत नाही. तुमी म्हणता साखर उतरल्याशिवाय दात काढाचे नाही. मंग मी काय करू, ते तुमीच सांगा, साहेब."

"बाहेर पेशंट थांबलेत."

"थांबू द्या. वर्ष झालं तुमच्याकडे येऊन राहिलो. तुमी जीभ पाहिली, डोळे पाहिले, पाय पाहिला. दात नाही पाहिले. एकदा पाहा, मंग मले खोटं म्हणा."

डॉक्टरांनी नाराजीनंच बॅटरी घेतली. चंपतरावांनी आ केला. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी टेलिफोन उचलला आणि ऑपरेटरकडे महालातल्या दातांच्या दवाखान्याचा नंबर मागितला.

चंपतरावांना इस्पितळात ठेवलं. इन्सुलिन, पेनिसिलिनची इंजेक्शनं, आणि थोडे थोडे करून सगळे दात काढले. पथ्य पहिल्यासारखंच होतं, तरी साखर हळूहळू खाली आली. पण बोट वाचलं नाही. ते कापावं लागलं.

"थोडं आधी झालं असतं तर वाचलं असतं," पट्टी बदलताना धंतोलीचे डॉक्टर म्हणाले.

"आधीच आलो होतो, साहेब," चंपतराव म्हणाले. बोळक्या तोंडानं शब्द नीट उमटले नाहीत. डॉक्टरांनी बहुतेक ऐकलं नाही, किंवा ऐकूनही पुढच्या खाटेकडे वळले.

घरी आल्यावर रुख्मिणीनं नळी दिव्यावर धरली. औषध निळंच राहिलं. तिनं नळी उजेडात फिरवून पाहिली, मग धुऊन ठेवली आणि त्यांच्यासाठी पातळ खिचडी टाकली.

"आता तरी खरं वाटलं का वं?" चंपतरावांनी विचारलं.

"मले काय माहीत होतं?" ती ताटलीत खिचडी घोटत म्हणाली. "डाक्टरच तसं म्हणून राहिले होते."

"डाक्टरसंग संसार केला का तू?"

ती ताटली त्यांच्यापुढे सरकवून तिथेच बसून राहिली. चंपतरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भूक लागली होती, पण हात लवकर पुढे झाला नाही.