डाव्या गालावरचा तीळ

"वहिनी, तेच गाणं पुन्हा गुणगुणलीस ना, तर या सुईनं तुझं तोंडच शिवून टाकीन," नणंद कानाशी पुटपुटली.

वहिनीचा काज करणारा हात थांबला. आपण गुणगुणत होतो हे तिच्या गावीही नव्हतं. पण करणार काय? समोरच्या सलूनमध्ये तेच, शाळेच्या फाटकापाशी तेच, जाणाऱ्या गाड्यांतही तेच: 'सखे, तुझ्या डाव्या गालावरच्या तिळानं माझी झोप नेली.'

गाणं लिहिलं होतं तिच्याच नवऱ्यानं. नवरा शिंपी. कापड बेतता बेतता तोंडानं ओळी जुळवायची त्याची जुनी खोड. कोट शिवायला आलेल्या एका गायकानं त्या ऐकल्या, उचलल्या, आणि बघता बघता गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं. आज तर चक्क रेडिओवाली बाई मुलाखतीला दुकानात येणार होती!

कुणाचाच पाय जमिनीवर नव्हता. सासूबाई पुन्हा पुन्हा केस विंचरत होत्या. नणंद खुर्च्या इकडच्या तिकडे करत होती. आणि सगळे मिळून एक गोष्ट मोठ्या शिताफीनं टाळत होते. वहिनीच्या डाव्या गालावर तीळ नव्हता. उजव्याही नव्हता. तरी सकाळी तिनं आरशात पाहिलं होतंच, जणू झोपेत उगवला असेल.

मग ही तिळवाली कोण? विचारायची भीती वाटत होती, आणि न विचारता घास उतरत नव्हता.

"ती पुतळी मधे येतेय, जरा सरकव गं," शिंपी म्हणाला.

कपडे चढवून दाखवायची ती पुतळी कायम त्याच्या बेतायच्या टेबलाशी उभी असे. वहिनीच्या मशीनवरून तिचा उजवा गाल तेवढा दिसायचा. वहिनीनं तिला कमरेला धरून फिरवलं.

डाव्या गालावर काळा ठिपका!

दुकान नवं होतं तेव्हा, पेन चालतंय का बघायला, तिनंच टेकवलेला. केवढा ओरडला होता तेव्हा नवरा!

तेवढ्यात रेडिओवाली आलीच. माईक पुढे करून हसत म्हणाली, "ही सखी म्हणजे वहिनीच ना?"

शिंपी मान खाली घालून मापाची टेप गुंडाळायला लागला. सासूबाई खोकल्या. नणंद घाईघाईनं म्हणाली, "तुम्ही चहा घेणार ना?"

"तीळ मला नाहीच आहे," वहिनी थेट माईकमध्ये बोलली. "या पुतळीला आहे. अहो, इतकी वर्षं तुम्ही हिच्याशी बोलत होतात?"

शिंप्याचे कान लालभडक झाले. "मग काय करू? तुझ्याकडे तोंड केलं की तू म्हणणार, बटणं संपलीत. शब्द पळून जायचे. म्हणून आधी हिच्यापुढे सराव करायचो."

"कसला सराव?"

"तुला सांगायचा."

"मग आता सांगा. तिला सरकवलंय मी."

टेप त्याच्या हातातून सुटून खाली घरंगळली.

"बोल की रे मेल्या," सासूबाई कडाडल्या, "सगळा रेडिओ ताटकळलाय!"

त्यानं माईक हातानं बाजूला केला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघत म्हणाला, "मला तू फार आवडतेस गं."