नंदाचा घोडेस्वार

तुकाबाईच्या देव्हाऱ्यात चार टाक होते आणि चौघांपैकी एकालाही नाक उरलेलं नव्हतं.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, तळहाताच्या निम्म्याएवढा. बिरोबा, खंडोबा, जानाई आणि घराण्याचा वीर. चार पिढ्यांच्या सुनांनी दर सणाला चिंच लावून, राख लावून त्यांना इतकं घासलं होतं की कोण कुठला देव हे आता चेहऱ्यावरून नाही, जागेवरून ओळखायचं. तरी निरखून पाहिलं तर खंडोबाचा घोडा दिसायचा, जानाईचे डोळे दिसायचे. कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला धनगरांची बारा घरं, सगळी एकाच भावकीची, आणि जुने देव फक्त तुकाबाईच्या घरी. दसऱ्याला सगळी भावकी आपट्याची पानं घेऊन आधी तिच्या उंबऱ्यावर यायची. सोनं आधी देवाला, मग तुकाबाईच्या हातात, मग बाकीच्या गावाला. त्या एका दिवसाच्या जोरावर तुकाबाई वर्षभर ताठ मानेनं फिरायची, आणि ज्यांना ती मान आवडत नव्हती त्यांनाही तिच्यापुढे वाकावंच लागायचं.

सात वर्षांपूर्वी तुकाबाईचा नवरा येसाजी आणि त्याचा भाऊ सिद्धनाथ वेगळे झाले. मेंढरं वाटली, भांडी वाटली, चुलीवरचा तवासुद्धा वाटला. धाकट्या सिद्धनाथची बायको नंदा निघताना एवढंच म्हणाली, "आक्का, एक टाक आमाला द्या. कुटलाबी चालंल."

"देवाची वाटणी होत न्हाई," तुकाबाईनं सांगून टाकलं. "सुपारी मांड आन् तिलाच देव म्हण."

आणि खरोखरच एक सुपारी आणून तिच्या हातावर ठेवली. नंदानं ती पदराला बांधली आणि समोरच्या नव्या पत्र्याच्या घरात जाऊन पाटावर मांडली. सात वर्षं सुपारीच पुजली. कीड लागली की वाण्याकडून दुसरी आणायची. तुकाबाईला आपल्या दारातून ती पूजा दिसायची आणि ती बघून तिचा चहा गोड व्हायचा. माणूस इतका वाईट असतो का, असं विचारू नका. असतो.

हे सुख संपलं ते या श्रावणात.

नंदा गावाबाहेरच्या एका बंगल्यावर कामाला जायची. तिथले नरहरीसाहेब म्हणजे पुण्याचे निवृत्त प्रोफेसर, त्यांना जगभरची नाणी जमवायचा नाद. उन्हाळ्यात ते गेले. शेवटचे चार महिने अंथरुणात होते, तेव्हा त्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं सगळं नंदानं केलं होतं. साहेबांची नाणी त्यांच्या मित्रांकडे गेली, पण एक चांदीचं मोठं नाणं त्यांच्या बायकोनं, आशालताबाईंनी, नंदाच्या हातावर ठेवलं. साहेबांची आठवण म्हणून.

नाणं कसलं, चांगलं बशीच्या बुडाएवढं होतं. त्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, वर स्वार, डोक्याला आडवी टोपी. घोड्याच्या आयाळीचा केस न केस मोजून घ्यावा. नंदानं ते धुऊन सुपारीशेजारी उभं केलं आणि भंडारा वाहिला. दुसऱ्या दिवशी भावकीतले थोरले विठ्ठलराव, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणते, तिथून जाताना थांबले. डोळ्यांनी अधू, पण देवाच्या कामात शब्द त्यांचा. त्यांनी नाणं हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, उलटं केलं. मागच्या बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा मुखडा होता.

"अगं, खंडोबा हाय की ह्यो!" तात्या ओरडले. "आन् मागं बाणाई, त्याची धनगरीण! धनगराच्या घरी बाणाई चालत आली, पोरी!"

"कुत्रं कुटाय पण?" कुणीतरी विचारलं. खंडोबाच्या टाकावर कुत्रं असतंच.

"फुडं गेलं आसंल पळत," तात्या म्हणाले आणि विषय संपला.

मग काय विचारता! अख्खी वाडी नंदाच्या दारात. कडेला काही बारीक अक्षरं होती, पण भंडाऱ्याखाली ती कुणाला दिसली नाहीत आणि दिसली असती तरी वाचायला कुणी थांबलं नसतं. "नाक बघा कसं सरळ हाय," बायका म्हणायच्या. "न्हाईतर आपल्या जुन्या देवांचं..." आणि तुकाबाई दिसली की गप्प व्हायच्या.

त्या गप्प होण्यानं तुकाबाईच्या अंगाची लाही लाही व्हायची. तिनं हजारदा स्वतःला समजावलं की नंदाकडे एक देव आहे आणि आपल्याकडे चार आहेत. काही उपयोग झाला नाही. रात्रंदिवस ते सरळ नाक डोळ्यांपुढे. आपले देव घासायला बसली की त्यांचे सपाट मुखडे बघून तिला त्यांचाच राग यायचा. इतकी वर्षं खाऊ-पिऊ घातलं, आणि ऐन वेळी ही तोंडं घेऊन बसलेत!

नवरात्राच्या चार दिवस आधी तिनं टाक फडक्यात बांधले आणि पिरंगुटला सोनाराकडे उजळायला नेले. दरवर्षी ती घरीच उजळायची. या वर्षी तिला चिंचेचा भरवसा वाटेना.

"आजी, हातानं साफ करून देतो," सोनार टाक बघून म्हणाला. "मशीनवर धरायचे नाहीत हे. पत्रा पातळ झालाय."

"मशीनवरच धर. आमच्या नंदीच्या घरच्यापरास चकचकीत झालं पायजेत."

"नक्षी जाईल."

"तुला काय करायचंय? तू धर."

त्यानं धरले. चाक गरगरलं, आणि चारही देव आरशासारखे लखलखत तिच्या हातावर आले. तुकाबाईनं वाकून पाहिलं. खंडोबाच्या जागी तिला तिचंच तोंड दिसलं. बिरोबाच्या जागीही तिचंच. घोडा गेला होता, जानाईचे डोळे गेले होते. चार पिढ्यांना चिंचेनं जे जमलं नव्हतं ते तिनं पाव तासात उरकलं होतं. ती तिथंच स्टुलावर बसली. सोनारानं पाणी दिलं, पण आपण आधीच सांगितलं होतं हे बोलून दाखवायलाही तो विसरला नाही.

घटस्थापनेला तिनं देव मांडले ते भंडाऱ्याच्या ढिगात. गळ्यापर्यंत नाही, डोक्यावरून. वर झेंडूची फुलं. येसाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "यंदा देव लई सजवलंस." नवरात्रात बसलेले देव कुणी हलवत नाही, तेवढे नऊ दिवस तिच्या हातात होते. दसऱ्याला देव उठणार, भावकी येणार, भंडारा पुसला जाणार.

पाचव्या माळेला ती अर्धा किलो तूप घेऊन आशालताबाईंच्या बंगल्यावर गेली. नंदा तेव्हा रानात होती, ते बघूनच.

"बाई, तसलं एखादं नाणं मला मिळंल का? नंदीला दिलंत तसलं. खंडोबाचं."

"खंडोबाचं?" बाई गोंधळल्या. मग हसल्या. "अहो, तो खंडोबा नाही. नेपोलियन तो. फ्रान्सचा बादशहा. शेवटची लढाई हरला, तेव्हा इंग्रजांनी त्याला धरून लांब समुद्रातल्या बेटावर नेऊन ठेवलं. पुन्हा घरी जाऊ दिलं नाही. तिथेच वारला बिचारा. पुढे त्याच्या आठवणीत त्या बेटानं ही नाणी काढली."

"हाकलून दिल्याची आठवण?"

"तसंच म्हणा."

"आन् मागं बाणाई?"

"ती इंग्लंडची राणी! तुमच्या नंदालाही मी..."

पण तुकाबाई तोवर फाटकाबाहेर पोहोचली होती. तूपसुद्धा ओट्यावर तसंच राहिलं. वाटेनं ती एकटीच हसत होती. हरलेला राजा! फिरंगी! घरातनं काढून लावलेला! आणि सगळी भावकी त्याला भंडारा वाहतेय! नंदीचं आता गावात तोंड काढणं मुश्कील करते, असं ती बांधावरच्या बाभळीलाही सांगून आली. आपल्या देवांचं काय झालंय हे त्या आनंदात ती चक्क विसरली.

दसऱ्याला भावकी जमली. तुकाबाईचं घर माणसांनी भरलं, ओसरीवर ढोल वाजत होता. तुकाबाई देव्हाऱ्यापुढे ठाण मांडून बसली होती. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सोनं द्यायच्या आधी उभं राहायचं आणि तात्यांना विचारायचं, की तात्या, इंग्लंडची राणी कधीपासून धनगराची झाली?

तेवढ्यात तात्याच म्हणाले, "नंदा, तुजा देव आण. नवा देव घरात आला तर जुन्या देवांना भेटवावा लागतो. त्याबिगर त्यो घरचा व्हत न्हाई."

नंदा उठली आणि समोरच्या घरातून घोडेस्वाराला ओंजळीत घेऊन आली. तुकाबाई उभी राहिली. आता. तिनं तोंड उघडलं.

"तुकाबाई," तात्या म्हणाले, "भंडारा पूस, देव उघडं कर. तोंडाला तोंड लागाया पायजे."

तुकाबाईचं तोंड उघडंच राहिलं. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. घोडेस्वार खोटा ठरला की सगळ्यांच्या नजरा खऱ्या देवांकडे वळणार. आणि खऱ्या देवांच्या जागी चार कोरे पत्रे. ती मटकन खाली बसली.

"तुला वाकवंना का? नंदा, तूच पूस," तात्या म्हणाले.

नंदा देव्हाऱ्याशी वाकली. अंगठ्यानं तिनं बिरोबावरचा भंडारा बाजूला केला. मग खंडोबावरचा. अंगठा तिथंच थांबला. पुन्हा एकदा फिरला, चमच्याच्या पाठीवरून फिरावा तसा. तिनं मान वळवून तुकाबाईकडे पाहिलं. बाकी कुणाला काही दिसत नव्हतं, तिची पाठ आड होती.

तुकाबाई वाट बघत राहिली. आता ही ओरडणार. सात वर्षांची सुपारी आता व्याजासकट माझ्या डोक्यात घालणार. घालावीच. तिच्या जागी मी असते तर घातली असती.

नंदानं मूठभर भंडारा घेतला आणि चारही देवांवर पुन्हा ओतला. घोडेस्वार त्यांना टेकवला आणि मधोमध उभा केला.

"झाली भेट, तात्या," ती म्हणाली. "आन् माझा देव आता हितंच ऱ्हाऊ द्या. थोरल्या घरात जागा हाय, तर येगळा कशाला?"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" तात्या गरजले. "ह्याला म्हणत्यात घराणं!" सगळ्यांनी आपट्याची पानं वाहिली. जो तो त्या सरळ नाकापुढे वाकत होता. तुकाबाईलाही वाकावं लागलं, माहीत असून.

माणसं पांगली तशी तिनं नंदाला दारात गाठलं. दया पचत नव्हती तिला. मार चालला असता.

"लई मोठं मन दाखवू नगंस," ती दातओठ खाऊन म्हणाली. "मला ठावं हाय त्यो कोण हाय. हरलेला राजा हाय. हाकलून दिल्याला."

"मलाबी ठावं हाय, आक्का. बाईंनी देतानाच सांगितलं." नंदा चपला घालत होती. "म्हणलं, आपल्यासारकाच हाय, घेऊ."

"मग देव म्हणून का पुजलास?"

"देव मी कवा म्हणले? तात्या म्हणले. मी नुसती आंगूळ घालीत हुते. सात वर्सं सुपारीला घातली, ह्याला निदान तोंड तरी हुतं."

"मग माज्या घरात का ठिवलास?"

नंदानं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमच्याकडं एकबी तोंड उरलं न्हाई म्हणून," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून घरी गेली.

आता नंदाच्या दारात कुणी थांबत नाही. सगळी वाडी तुकाबाईच्याच उंबऱ्यावर येते, तिला हवं होतं अगदी तसं. रोज सकाळी ती त्या फिरंगी बादशहाला आंघोळ घालते, आयाळीतला भंडारा काडीनं काढते, कारण घासण्यासारखं देव्हाऱ्यात दुसरं काही उरलेलं नाही. तो तिच्याकडे बघत नाही. घोड्यावरून तो दाराबाहेरच बघतो, समोरच्या पत्र्याच्या घराकडे.

तिथं नंदा पाटावर नवी सुपारी मांडून बसलेली असते. तांब्यातून पाण्याची धार सोडते, सुपारी पदरानं टिपते, तिच्याशी काहीबाही बोलते आणि मध्येच हसते. तुकाबाईचा चहा निवून जातो. आणि खरं सांगायचं तर तिला आता त्या सुपारीचा हेवा वाटतो.