फोनच्या खोपट्यातली खुर्ची

आमच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांची नम्रता मी बावन्न वर्षं बघते आहे, आणि आता मला तिचा उबग आला आहे. आमच्यात रुंद काठ म्हणजे जास्त धर्मनिष्ठा; ज्याच्या टोपीचा काठ अर्धं बोट जास्त रुंद, तो कमी काठवाल्याकडे असा बघतो, की स्वर्गाचा दरवाजा उघडायला यालाच बसवलंय. गर्व मोठं पाप आहे हे सांगताना आमच्या पुरुषांची छाती फुगते. नाकाने कांदे सोलावेत ते आम्ही.

यंदाचं पाप खुर्ची होतं.

माझ्या आणि माझा भाऊ ऑर्वा याच्या घरांच्या मधे, रस्त्याच्या कडेला एक लाकडी खोपटं आहे. त्यात फोन. आमच्या नियमात घरात वीज घ्यायची नाही, फोन ठेवायचा नाही. घराबाहेर, सात-आठ घरांत मिळून एक चालतो. उभ्याने बोलायचं, काम झालं की निघायचं. उन्हाळ्यात कुणीतरी त्यात खुर्ची नेऊन ठेवली. वर उशीही. झालं! आमचा बिशप पेरी श्लाबाख म्हणाला, "खुर्ची आली की गप्पा आल्या, गप्पा आल्या की जग आलं." शहाण्याने खुर्ची उचलून बाहेर ठेवली असती. आमच्या लोकांनी खोपटंच पाडायचं काढलं.

ऑर्वाची बायको व्हर्ना नोव्हेंबरात बाळंत व्हायची होती. मागच्या खेपेला, गेल्या वर्षी, भर दुपारी तिचं रक्त थांबेना. घरात मी एकटी. अनवाणी पळत खोपट्यात गेले, फोन केला, वीस मिनिटांत अँब्युलन्स आली. व्हर्ना वाचली, बाळ नाही. ऑर्वा तेव्हा पन्नास मैलांवर कुणाच्या तरी घराचं छप्पर घालत होता. पुन्हा असं होऊ शकतं, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. घरात फोन असलेला, पंथाबाहेरचा सगळ्यात जवळचा शेजारी दीड मैलावर, आणि तोही घरी असला तर असला.

वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या आधी, आमची सभा भरते. बिशप नियम सांगतो आणि त्याचा मदतनीस, डीकन, एकेकाला विचारतो, सहमत आहे का? आधी पुरुषांना, मग बायकांना, वयाच्या क्रमाने. सगळे एकमताचे असले तरच प्रभुभोजन. एकानेही नाही म्हटलं, तर सगळं अडतं. म्हणून कुणी नाही म्हणत नाही. आमचं एकमत असं पिकतं.

त्या रविवारी सभा पेरीच्याच कोठारात होती. तीन तास उपदेश झाल्यावर आमचा डीकन रोमन निस्ली बाकांमधून फिरू लागला. "सहमत," "सहमत," "सहमत." गोठ्यात गाई हंबराव्यात तसं. या सगळ्यांनी त्या खोपट्यातून जनावरांचा डॉक्टर बोलावलेला, खिळ्यांच्या पेट्या मागवलेल्या. रोमन तर पूर्वी आठवड्यातून चारदा तिथे यायचा. ऑर्वाची पाळी आली. मी मान उंच करून बघत होते.

"सहमत," माझा भाऊ म्हणाला. बूट बघत म्हणाला.

रोमन माझ्यापाशी आला. "सविला?"

"नाही."

"काय नाही?"

"सहमत नाही. व्हर्नाचं बाळंतपण होऊ दे, मग पाडा. हवं तर खुर्ची मी जाळते."

पुढे रोमनने व्हर्नाला विचारलं. जिच्यासाठी मी भांडले, ती पोट सावरत पुटपुटली, "सहमत." मला इतका संताप आला! बाई आहे की उशी, ज्याने टेकावं त्याचा आकार घेणारी.

पेरीने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मला विचार करायला दोन आठवडे मिळाले. जेवताना माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. पाव, शेंगदाण्याचं लोणी आणि लोणचं मी ऐसपैस बसून खाल्लं.

संध्याकाळी व्हर्ना आली. "वन्सं, कशाला हो असं केलंत? माझ्यामुळे सगळ्यांचं प्रभुभोजन अडलं. बायका माझ्याकडे बघतात."

"बघू देत. मेलीस तरी बघायलाच येतील."

"देवाची इच्छा असेल तसं होईल."

"मागच्या वेळी देवाची इच्छा मी फोनवरून कळवली होती, आठवतंय ना?"

ती रडत गेली. मला वाईट वाटलं, पण रागापुढे ते टिकलं नाही.

दुसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी ऑर्वाने मला त्याच्या कोठारात बोलावलं. इकडेतिकडे बघून त्याने घोड्याच्या ओटच्या दाण्यांच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि मोबाइल काढला.

"ताई, उगाच हट्ट करू नकोस. हा आहे ना. ड्रिलच्या बॅटरीवर चार्ज होतो."

मी पेटीच्या काठावर बसलेच. "कधीपासून?"

"दोन वर्षं. कामासाठी लागतोच गं. सगळ्यांकडे आहे. रोमनकडे आहे. पेरीच्या दोन्ही मुलांकडे आहे, त्यालाही ठाऊक आहे."

"दिवसा कुठे असतो हा?"

"माझ्याजवळ. छपरावर."

"आणि व्हर्ना?"

"तिला कशाला सांगायचं? प्रभुभोजनाआधी बिचारीच्या मनाला टोचणी."

दोन वर्षं. मी अनवाणी पळत होते तेव्हाही हा याच्या खिशात होता. याने मला नंबर दिला असता, तर आपली बायको मरते आहे की जगते आहे हे कळायला याला एक बटण पुरलं असतं. खोपटं पाडायला सगळे एवढ्या आनंदाने का तयार झाले, तेही कळलं. पुरुषांना ते आता लागतच नव्हतं. त्यांनी त्यागलं ते आम्हा बायकांचं. माझ्या सख्ख्या भावाची मला किळस आली, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रोमन पुन्हा बाकांमधून फिरला. पुरुष सहमत झाले. माझ्यापुढे तो गोड हसला. "सविला, मन वळलं ना?"

मी उभी राहिले. "वळलं. सहमत आहे. पाडा खोपटं. आणि पाडताना प्रत्येकाने आपापला मोबाइलही आणून त्या ढिगात टाकावा. सुरुवात ऑर्वाने करावी. त्याचा ओटच्या पेटीत असतो, दोन वर्षं झाली. रोमन, तुझा आता आणलायस की घरी आहे?"

पेरी नियमांच्या कागदावर काहीतरी शोधू लागला. रोमनचा हात कोटाशी गेला आणि तिथेच राहिला. मग तो, काही ऐकलंच नाही असं दाखवत, पुढच्या बाईकडे वळला, आणि तिथून व्हर्नाकडे.

"व्हर्ना, सहमत?"

व्हर्ना त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पलीकडच्या बाकांवर नवऱ्याकडे बघत होती. मनात काहीतरी मोजावं तसे तिचे ओठ हलले. मनाने मागे गेली असावी ती, त्या दुपारपर्यंत. ऑर्वाने मान खाली घातली.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, घाबरू नकोस," रोमन म्हणाला, "नीट ऐकलंस ना, मी काय विचारलं—"

व्हर्नाने पुढच्या बाकाला धरलं आणि सात महिन्यांचं पोट घेऊन उठून उभी राहिली. चौदा वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"ऐकलं. नाही म्हणाले. मी सहमत नाही."

ती बसली नाही. तशीच उभी राहिली. रोमन तिच्यापुढच्या बाईला विचारायला वळला, तर ती बाई आपल्या नवऱ्याच्या खिशाकडे बघत होती.