लेझरचा डबा आणि सोनीबाईचा अंगठा

पर्यावरण दिनाला सागाच्या झाडांना प्लास्टिकची पानं बांधलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. पाच जूनला साग उघडाबोडका असतो, पाऊस झाल्याशिवाय त्याला धड पालवी येत नाही, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अंकुश नावाच्या इव्हेंटवाल्याला फोटोत हिरवं हवं होतं. त्यानं नागपूरहून टेम्पो भरून वेली आणल्या आणि चार माणसं सकाळपासून शिड्या लावून झाडांना त्या गुंडाळत होती. खाली डिझेलचा जनरेटर धूर ओकत होता. मला तेव्हाच शिसारी आली होती. पण काम अंगावर घेतलं की तोंड बंद ठेवायचं, हे मी अब्बांच्या दुकानात शिकले आहे.

मी नूरी. वरोऱ्याला आमचं मंडप आणि लाइट-साउंडचं काम आहे. धाकटा भाऊ जाहिद भोंगे सांभाळतो, मी लेझर सांभाळते. लेझरचे दोन दिवे, त्यांना हुकूम देणारा एक काळा डबा आणि माझा लॅपटॉप, एवढा माझा संसार. लॅपटॉपवरून वायरीतून डब्याला चित्र पाठवायचं, डबा ते दिव्यांकडून काढून घेतो. वाघ, मोर, नवरा-नवरीचं नाव, म्हणाल ते.

गाव भामरागडच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, त्या गावाची यात काही चूक नाही. ‘वनवैभव महोत्सव’ असं त्या तमाशाचं नाव होतं. काळ्या कापडाचा बंद तंबू, आत धूर सोडायचा आणि धुरावर लेझरचा वाघ चालवायचा. तंबूच्या मागे पन्नास पावलांवर खरं जंगल होतं, तिकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. पाच वाजता मोठे पाहुणे येणार, टॅबलेटवर बोट ठेवणार, आणि बोट ठेवल्याबरोबर वाघ उठणार, ही अंकुशची अक्कल. त्यासाठी माझा डबा त्याच्या नेटवर्कवर जोडायचा होता. एरवी मी माझी वायर थेट लॅपटॉपला लावते आणि कोणाच्या नेटवर्कच्या वाटेला जात नाही.

त्या गावात मोबाइलचा टॉवर नाही. कार्यक्रम थेट दाखवायचा म्हणून अंकुशनं उपग्रहाची छत्री आणली होती. छत्रीतून इंटरनेट राउटरमध्ये आणि राउटरमधून साऱ्या मैदानभर निळ्या वायरी. कार्यक्रम संपला की छत्री त्याच संध्याकाळी टेम्पोत चढणार होती.

अकरा वाजता मी डबा राउटरला जोडला. लॅपटॉपवर लाल ठिपका आला. जोडलेलं नाही.

वायर बदलली. लाल. लॅपटॉपची फायरवॉल बंद केली. लाल. डबा बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. मध्येच एकदा ठिपका हिरवा झाला, मी जाहिदला हाक मारेपर्यंत पुन्हा लाल. जाहिदनं डब्यावर फुंकर मारून पाहिली, त्याला तेवढंच येतं. डब्याला माझ्याकडे पहिल्या दिवसापासून शंभर हा नंबर दिलेला आहे. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला असा एक नंबर लागतो, घराला असतो तसा. मी शंभर नंबरला लॅपटॉपवरून हाक देऊन पाहिली, तर तो ओ देत होता. ओ देतो आणि जुळत मात्र नाही, म्हणजे काय समजायचं?

अंकुश दर पंधरा मिनिटांनी यायचा. त्याच्या गळ्यात तीन ओळखपत्रं, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो तंबूच्या कोपऱ्यात थुंकायचा, वर पायानं प्लास्टिकचं गवत सारायचा आणि मला विचारायचा की मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर नागपूरहून माणूस बोलावू का. त्याची पोरं खुर्च्यांवर तंगड्या पसरून मोबाइलवर हसत होती. आकाशातून आणलेलं इंटरनेट असं चाललं होतं. मला त्या सगळ्यांचा वीट आला. त्यांच्या सेंटचा, त्यांच्या हसण्याचा, पुरीभाजीच्या द्रोणांचा जो ढीग त्यांनी सागाच्या बुंध्याशी टाकला होता त्याचा.

अडीचच्या सुमारास मी चिडून डब्याची वायर उपसून काढली आणि सहज पुन्हा शंभर नंबरला हाक दिली. ओ आली.

डबा तर माझ्या मांडीवर होता, कशालाही न जोडलेला. मग ओ कोण देतंय? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या डब्याचा नंबर दुसरंच कोणीतरी घेऊन बसलं होतं. अंकुशचा राउटर आल्या-गेल्याला आपणहून नंबर वाटत होता आणि वाटप शंभरपासून सुरू करत होता. सकाळी जो पहिला आला त्याला शंभर मिळाला. एका नंबरावर दोन घरं म्हटल्यावर चिठ्ठी कधी याच्या दारात, कधी त्याच्या.

राउटरचं पान उघडलं. त्याचा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, त्यामुळे सगळी यादी समोर आली. शंभर नंबरापुढे कोणाचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. मी समोर पाहिलं. तंगड्या पसरलेली पोरं हसत होती. यांच्यातल्याच कोणत्या तरी टोणग्याचं यंत्र, दुसरं काय असणार?

खरं तर माझ्या डब्याचा नंबर बदलणं हे दहा मिनिटांचं काम होतं. दीडशे दिला असता, मिटलं असतं. पण टॅबलेट शंभरासाठी बसवलेला होता, तो बसवणारा माणूस पाहुण्यांच्या गाडीबरोबर येणार होता, आणि मुख्य म्हणजे मी पेटले होते. मी का हलायचं? मी त्या अक्षरांच्या माळेवर बोट ठेवलं आणि त्या यंत्राला कायमची बंदी घातली. वायर परत लावली. ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. धुरात वाघ उठला, शेपटी हलवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला, लाज वाटते सांगायला, फार बरं वाटलं.

पावणेचारला मी चहा शोधत बाहेर पडले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ‘डिजिटल रेशन’ अशी पाटी लावलेला स्टॉल होता. पाहुण्यांनी तिथे उभं राहून फोटो काढायचा म्हणून गावच्या रेशन दुकानाचं अंगठ्याचं मशीन तिथे आणून मांडलं होतं. दुकान बचत गटाकडे आहे आणि गटाची दुर्गा ते चालवते. स्टॉलपुढे साठ-सत्तर माणसं बसली होती. मध्ये पाण्याची बादली होती आणि लोक आळीपाळीनं तिच्यात हात धूत होते. कोणी अंगठा धोतराला घासत होतं, कोणी लिंबाची फोड चोळत होतं. मला वाटलं जेवणाची पंगत उठली.

दुर्गाला विचारलं तेव्हा कळलं. पर्लकोटा नदी चढली की पलीकडच्या तीन टोल्यांचा, म्हणजे पाड्यांचा, रस्ता तुटतो, म्हणून त्यांना पावसाळ्याच्या चार महिन्यांचं धान्य जूनमध्ये एकदम द्यायचं असतं. धान्य येऊन गोदामात पडलं होतं. पण अंगठा लागल्याशिवाय देता येत नाही आणि नेटवर्कशिवाय अंगठा लागत नाही. एरवी दुर्गा मशीन घेऊन दोन कोसांवरच्या टेकडीवर चढते आणि सगळा टोला तिच्यामागे चढतो. गेला आठवडाभर टेकडीवरही काही लागत नव्हतं. छत्री आली म्हणताच तिनं तिन्ही टोल्यांना निरोप धाडले. लोक पहाटे निघून आले होते. आणि तिकडे रेशनच्या आधी दोन दिवस अंगठा सांभाळायची रीत आहे. चिखलात घालायचा नाही, चुन्याला लावायचा नाही, मोहाच्या बियांचं तेल लावून चिंधीत बांधून ठेवायचा. मशीनला अंगठा आवडला पाहिजे, असं ते मानतात.

“तेंदूपत्ता तोडून तोडून रेषाच नाई राह्यल्या लोकाईच्या,” दुर्गा म्हणाली. “सकाळी आठ जनाईचे लागले, ताई. अकरापासून अडकूनच राह्यलं. दोनेक जनाईचे कसेबसे लागले, मंग अडीचपासून एक बी नाई.”

अकरापासून. अडीचपासून.

मी वाकून मशीनमागची निळी वायर पाहिली. मशीन उचलून उलटं केलं. खालच्या चिठ्ठीवर अक्षरं आणि आकड्यांची ती माळ छापलेली होती, मी तासाभरापूर्वी बंदी घातलेली. हे मशीन नेटवर्क गेलं तरी किर्रर्र करतं आणि अंगठा जुळला नाही तरी तस्संच किर्रर्र करतं. साठ-सत्तर माणसांपैकी एकालाही वाटलं नव्हतं की मशीन चुकत असेल. वर्षानुवर्षं त्यांना सांगितलेलं होतं की दोष तुमच्या अंगठ्यात आहे.

मी तंबूकडे धावले. राउटरवरची बंदी काढली आणि माझा डबा त्या नेटवर्कवरून उपटून थेट लॅपटॉपला लावला, मी नेहमी लावते तसा. अंकुश धावत आला. मी त्याला सांगितलं की पाहुणे टॅबलेटवर बोट ठेवतील आणि मी पडद्यामागून बटण दाबीन, कोणाला काही कळणार नाही. त्याचा चेहरा पडला. “मॅडम, ते तर खोटं होईल ना,” तो म्हणाला. ज्या माणसानं सागाला प्लास्टिकची पानं लावली, त्यानं हे मला ऐकवलं. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परत आले तर मशीन चालू झालं होतं. एकेक अंगठा भराभर लागत होता, कागदाची पट्टी बाहेर येत होती, माणसं पट्टी हातात धरून गोदामाकडे पळत होती. मला वाटलं, चला, निस्तरलं. पाऊण तासात रांग जवळजवळ संपली.

शेवटी सोनीबाई उरली. साठीच्या पुढची, नदीपलीकडच्या टोल्याची, कार्डावर एकटी. दुर्गा म्हणाली की हिची बाकीची नऊ बोटं कधीच घेतली जात नाहीत, झिजून गेली आहेत, एक उजवा अंगठा तेवढा दरवेळी लागतो. सोनीबाईनं तो अंगठा मशीनवर ठेवला. किर्रर्र. पुन्हा ठेवला. किर्रर्र.

मी पळत जाऊन राउटर पाहून आले. सगळं हिरवं होतं. मग मी तिचा हात हातात घेतला आणि अंगठा उलटा करून पाहिला.

त्याला कातडी नव्हती. अकरापासून ती चुलीतली राख आणि विटेचा तुकडा घेऊन अंगठा घासत बसली होती. दर वेळी मशीन नाही म्हणायचं आणि ही आणखी घासायची. वरचा थर जाऊन आतलं ओलं, गुलाबी मांस दिसत होतं. त्यावर एक रेष उरली नव्हती. या खेपेला मशीन खोटं बोलत नव्हतं.

दुर्गानं मला शांतपणे समजावलं. कातडी यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर नदी चढेल. छत्री आज जाईल. मोबाइलवर आकडा मागवून धान्य देता येतं, पण सोनीबाईकडे मोबाइल नाही. दुसऱ्या कोणाला तिच्या नावे उभं करायचं तर तहसीलचा कागद लागतो, तो पावसाळ्यानंतर. गटाच्या बाया आपल्यातून थोडा थोडा तांदूळ काढतील, पण त्यांच्या घरीही खाणारी तोंडं आहेत, चार महिने कुठून पुरवायचं.

मला त्या पोरांची किळस आली होती, अंकुशची आली होती. आता जी आली ती त्याहून वाईट होती, कारण ती माझी मलाच आली. मी दुर्गाला म्हटलं, तिला सांग. तिचा अंगठा चांगला होता. माझ्या लेझरचा डबा जुळत नव्हता म्हणून मीच हे मशीन नेटवर्कवरून तोडलं, न बघता. ती उगाच घासत बसली.

दुर्गानं माडिया बोलीत सगळं सांगितलं. सोनीबाईनं मान तिरपी करून ऐकून घेतलं. मग अंगठ्याकडे पाहत तिनं काहीतरी विचारलं. काय म्हणते म्हणून मी दुर्गाला विचारलं.

“थे इचारून राह्यली, तुमची मशीन जुडली का म्हनून.”

मी मान हलवली. हो, जुडली.

सोनीबाईनं माझ्याकडे पाहून आणखी दोन शब्द टाकले. दुर्गा म्हणाली, “बरं झालं म्हनते. तुमी लय दुरून आल्या, तुमचं काम खोळंबलं नाई.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोसला असता. एवढ्यात तंबूच्या दारातून जाहिद हाका मारू लागला की आपा, पाहुणे आले, टॅबलेटवर बोट ठेवतायत, लवकर ये. मी गेले आणि बटण दाबलं.