दोन तास चाळीस मिनिटं

पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या बाईचा नवरा आजारी पडला, की त्याची धडगत नसते. बसचालक नवऱ्याची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचं सोनोग्राफीत दिसलं, त्याच संध्याकाळी बाईंनी घराचा ताबा घेतला. तळण बंद. चहा चारवरून दोनवर. ताटात टोमॅटो, पालेभाजी, वाटीभर भोपळ्याच्या बिया. ड्यूटीआधी पाऊण तास झपझप चालणं, आणि मग खुर्चीत बसून ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे, सोडायचे.

"एक, दोन, तीन... अहो, चेहरा नाही आवळायचा!"

डॉक्टरांनी मात्र सगळ्यात आधी दुसरंच बजावलं होतं. दिवसा पाणी भरपूर प्यायचं आणि लागली की लगेच जायचं. "लघवी आत उरतेय. दाबून धरत राहिलात तर एक दिवस पार अडेल, मग नळी. मूत्रपिंडावर गेलं तर काही खरं नाही." म्हणून बाई रोज दीड लिटरची बाटली भरून नवऱ्याच्या पिशवीत ठेवत. संध्याकाळी ती रिकामी परत आली की त्यांचा जीव भांड्यात पडे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी नवरा डबा विसरला. बाई तो घेऊन डेपोत पोचल्या, तर फाटकाजवळ पाच-सहा चालक ओळीने उभे राहून आपापल्या बाटल्या भिंतीकडेच्या वाफ्यात ओतत होते. गप्पा मारत, रोजचं काम असावं तसे. ओळीत तिसरा त्यांचा नवरा होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय चाललंय?"

बाकीचे चालक क्षणात पांगले. "हळू बोल गं," नवरा म्हणाला. "सगळेच ओततात. घरून भरून देतात, रोज कोण वाद घालणार? दोन तास चाळीस मिनिटांची फेरी. प्यायलो तर जाऊ कुठे?"

"मधल्या थांब्याच्या चौकीवर संडास आहे ना?"

"कुलूप असतं. किल्ली टाइमकीपरकडे. पाच मिनिटं मागितली तर अर्ज कर म्हणतो. आणि अर्जात आजार लिहिला, की गाडीवरून उतरवतील. मग बसतो फाटकावर माश्या मारत."

तीन आठवडे यांनी आपल्याला मूर्खात काढलं, याचा राग होताच. पण किल्ली खिशात घालून बसणाऱ्या त्या माणसाचा राग त्याहून मोठा होता. बाईंनी सरळ तिकीट काढलं आणि चालकाच्या मागच्याच सीटवर बसल्या.

तिथून त्यांना सगळं दिसलं. प्रत्येक सिग्नलला नवऱ्याचा डावा हात ओटीपोटावर जात होता. गतिरोधक आला की तो दात घट्ट आवळत होता. मान घामाने चिंब झाली होती, आणि अजून निम्मी फेरी बाकी होती.

चौकीवर गाडी थांबताच बाई उतरून टाइमकीपरच्या टेबलाशी गेल्या. "संडासाची किल्ली द्या."

"तुम्ही कोण?"

"चालकाची बायको. त्यांना लघवीला जायचंय."

"फेरीच्या मध्ये तशी तरतूद नाही, बाई. गाडी आधीच चार मिनिटं उशिरा आहे."

"माणसाला लघवी लागते, ही तरतूद तुमच्या साहेबांना विचारून केलेली नाही. किल्ली!"

हा आवाज ऐकून एके काळी सातशे मुलं ताठ उभी राहत. टाइमकीपरने मुकाट्याने किल्ली काढून दिली.

नवरा मान खाली घालून आत गेला. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. प्रवाशांनी आधी घड्याळं पाहिली, मग कुरकुर सुरू झाली, मग कोणीतरी चालकाच्या जागेपर्यंत जाऊन हॉर्नच वाजवला. कंडक्टर धावत आला. "वहिनी, पब्लिक तापलंय."

"तापू दे."

आतून मात्र काहीच आवाज येत नव्हता. बाई कान देऊन उभ्या होत्या. सहा मिनिटं झाली. दार उघडलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"होत नाहीये," तो म्हणाला. "पहाटेपासून झालेली नाही."

"पहाटेपासून? आणि सकाळी माझ्यासमोर बसून बिया चघळत होतात?" बाईंचा आवाज फाटला. त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं, आणि धरलेला त्याचा दंड सोडवतही नव्हता.

"एवढी फेरी पुरी करतो. मग जाऊ दवाखान्यात."

"फेरी गेली खड्ड्यात!" त्यांनी कंडक्टरला टॅक्सी थांबवायला पिटाळलं.

टाइमकीपर फोनवर होता. चालक आजारी पडला, दुसरा पाठवा, असं सांगून त्याने फोन ठेवला आणि खिडकीतून प्रवाशांना ओरडून सांगितलं, "बदली चालक यायला पाऊण तास लागेल. बसून घ्या." प्रवासी थोडे बडबडले आणि बसले.

नवरा टॅक्सीत पोट धरून दुमडला होता. "गाडी कोण नेणार गं?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बाईंचा एक पाय टॅक्सीत होता. त्या तशाच मागे वळल्या.

"पाच मिनिटं नव्हती ना तुमच्याकडे?" चौकीला, बसला, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "मग हा पाऊण तास कुठून काढलात?"

टाइमकीपर टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.