तोंडी ताबा

माझ्या नवऱ्याला आणि माझ्या भावाला एकमेकांशी बोलायला जीभ नव्हती. बाकी सगळ्याला होती. दोघंही विमानतळावर ट्रॅक्टर चालवतात. विमानाला आपलं आपण मागे जाता येत नाही, पुढच्या चाकाशी ट्रॅक्टर लावून त्याला ढकलावं लागतं, ते यांचं काम. नवरा सकाळपाळीला, भाऊ दुपारपाळीला. आणि कुठलं यंत्र कुठल्या विमानाला न्यायचं ते मी ठरवते, प्रवासी चढतात त्या पुलाखालच्या काचेच्या खोलीत माइक घेऊन बसून. म्हणजे घरीही दोघांच्या मध्ये मी आणि कामावरही दोघांच्या मध्ये मी.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. विमानतळाला पर्यावरणाचं वेड लागलं तेव्हा पहिला नियम निघाला, उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवायचं नाही. लक्ष ठेवायला ज्यांना नेमलं त्यांत माझा भाऊ. आणि त्याने पहिला माणूस पकडला तो माझा नवरा, इंजिन चालू ठेवून केबिनच्या गारव्यात डुलकी काढताना. नवऱ्याला आठवडाभर घरी बसवलं. "नियम सगळ्यांना सारखा," भाऊ म्हणाला. "माझ्या ताटात जेवतोस आणि मलाच धडा शिकवतोस?" नवरा म्हणाला. त्यानंतर दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. भावाने लग्न केलेलं नाही, राहतो आमच्याच डोक्यावरच्या मजल्यावर आणि जेवायला आमच्याकडेच. एकाच टेबलावर समोरासमोर बसायचं आणि मला सांगायचं, "तुझ्या भावाला म्हणावं, जिन्यातला दिवा बंद करत जा." "ताई, भाऊजींना सांग, दिवा मी लावलाच नव्हता." मी मान इकडे वळवायची, मान तिकडे वळवायची. माझी मान दुखायची ती कामाने नव्हे, या दोघांनी.

आता माझ्या खोलीबद्दल सांगते, कारण माझा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. तिच्या एकुलत्या एका खिडकीसमोरच डिझेलचे ट्रॅक्टर उभे राहतात. सकाळी चौकट पुसली की दुपारी बोटाला काजळी लागते. चहावर बशी झाकून ठेवावी लागते. केस धुतले तरी उशीला वास येतो. खोकला तर असा की माइकवर बोलताना मधेच आला की वैमानिक विचारतात, "कंट्रोल, तुम्ही ठीक आहात ना?" ठीक आहे म्हणे! ट्रॅक्टर तिथून हलवा म्हणून मी अर्ज केले, साहेबांपुढे भांडले, एकदा तर काजळीचं फडकं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

मग पर्यावरण विभागात एक नव्या बाई आल्या. कायम हिरवं जाकीट, म्हणून आम्ही त्यांना हिरव्या बाईच म्हणतो. त्यांना त्या फडक्याचं कुठून तरी कळलं. त्या माझ्या खोलीत आल्या, माझ्याच खुर्चीवर बसल्या, जरा वेळात खोकायला लागल्या आणि म्हणाल्या, "विजेचा ट्रॅक्टर आणू. एक आणू, चाचणीला. चाचणी नीट झाली तर ही सगळी डिझेलची रांग इथून जाईल." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, मला तशी सवय नाही.

यंत्र आलं. बुटकं, रुंद, काळंकुट्ट. ड्रायव्हरांनी लगेच नाव ठेवलं म्हैस. आणि जिथे तिला चार्जिंगला लावायचं तो खांब झाला खुंटा. म्हैस चालायला लागली की चाकांचा आवाज काय तो येई. पहिल्या दिवशी ती माझ्या खिडकीसमोरून गेली आणि काचेवर काही म्हणजे काही बसलं नाही. मी खिडकी उघडी ठेवून चहा प्यायले, बशीशिवाय.

तिच्यात एक खोड होती. खुंट्याची वीज मधेच गेली की तिचा बॅटरीचा काटा अडकायचा आणि पूर्ण भरल्याचंच दाखवत राहायचा. कंपनी म्हणे पुढच्या यंत्रात दुरुस्त करू. तोपर्यंत हिरव्या बाईंनी नियम घातला. पाळी संपवणाऱ्याने पुढच्याच्या समोर उभं राहून तोंडाने सांगायचं, किती भरली आहे, ब्रेक कसे आहेत, काही बिघाड आहे का. पुढच्याने ते पुन्हा म्हणून दाखवायचं. याला नाव तोंडी ताबा. आणि चाचणीसाठी निवडलेले ड्रायव्हर दोनच, सगळ्यांत जुने आणि हाताने हलके म्हणून. कोण, ते सांगायला नकोच.

मग काय, तोंडी ताबा माझ्या तोंडाने. नवरा खिडकीशी येऊन म्हणायचा, "सांग त्याला, पाऊण भरलीय, ब्रेक ठीक." मी माइकवर भावाला सांगायचे. तो मला म्हणून दाखवायचा, मी नवऱ्याला मान हलवून दाखवायचे. दोघांमध्ये अंतर किती? एकाने शिंकलं तर दुसऱ्याला ऐकू जाईल एवढं.

चाचणीचा शेवटचा दिवस आला. विमानतळाचे मोठे साहेब, यंत्राच्या कंपनीची माणसं, फोटोवाले, सगळे उन्हात पांढऱ्या टोप्या घालून उभे. भरलेलं विमान म्हैस ढकलणार, टाळ्या पडणार, कागदावर सही होणार. ढकलायची वेळ दुपारची, म्हणजे भावाची पाळी.

त्या सकाळी घरून निघतानाच माझं डोकं फिरलेलं होतं. आदल्या दिवशी जेवताना दोघांनी माझ्यामार्फत पंख्यावरून भांडण केलं होतं आणि माझं स्वतःचं ताट गार झालं होतं. मी मनाशी ठरवलं, पुरे. आजपासून कोणाचा निरोप नेणार नाही.

पाळी संपताना नवरा खिडकीशी आला. "सांग तुझ्या भावाला, खुंट्याची वीज सकाळपासून सारखी जात होती. म्हैस अर्धी पण नाही. काट्यावर जाऊ नको म्हणावं."

"तो काय समोर उभाय. तुम्हीच सांगा."

"मी त्याच्याशी बोलत नाही, माहितीये तुला."

"मग मी तरी का बोलू? मला काय पगार मिळतो तुमच्या अबोल्याचा?"

"आज नाटकं करू नकोस. आज तुझीच परीक्षा आहे."

"माझी आहे ना? मग माझ्यासाठी म्हणून दोन शब्द बोला त्याच्याशी. दोनच."

एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलं असेल तर ते त्या क्षणी. त्याने खिडकीची काच धाडकन लावली आणि जाऊन आपल्या डिझेलच्या ट्रॅक्टरवर बसला; पाळी संपली तरी कार्यक्रम होईपर्यंत त्याला राखीव थांबवलं होतं.

माझा भाऊही कमी नाही. तो म्हशीवर चढला, काट्याकडे पाहिलं, आणि हातमोजे घालायला लागला. काट्याची खोड त्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण विचारायचं म्हणजे भाऊजींच्या समोर जाऊन उभं राहायचं. मी माइक उचलला. निरोप देणार नव्हते, पण कंट्रोल म्हणून विचारणं माझं काम होतं.

"तोंडी ताबा घेतला का?"

"काटा फुल आहे, ताई."

"काटा विचारला नाही. ताबा घेतला का?"

जरा खरखर झाली. मग तो म्हणाला, "घेतला."

धडधडीत खोटं. ते नवऱ्यानेही ऐकलं, रेडिओ त्याच्या छातीवरच होता. मी काचेतून त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. एक बटण दाबायचं होतं त्याने. नाही दाबलं. मीही नाही दाबलं. कोणाच्या जिवाशी खेळ असता तर मी सगळं बाजूला ठेवून ओरडले असते. पण ट्रॅक्टर थांबला तर विमान फक्त उभं राहतं, कोणाचं हाड मोडत नाही. मोडलं असतं ते माझंच काहीतरी, आणि ते या दोघांपैकी कोणाला महत्त्वाचं वाटतंय का हे मला एकदा बघायचं होतं. मी म्हटलं, "ठीक."

अर्ध्या भरलेल्या म्हशीने तेवढं विमान ढकललंही असतं. पण मोठ्या साहेबांना हौस आली. "किती शांत चालते, जरा चक्कर मारून दाखवा." भावाने मारली. मग फोटोवाल्यांसाठी आणखी एक. हिरव्या बाई लहान मुलीसारख्या खूश होत्या. मी नखं चावत होते.

विमान निघालं. म्हशीने त्याला जागेवरून उचलल्यासारखं मागे नेलं, वळण घेतलं, आणि ऐन वळणावर, शेपटी अर्ध्या रस्त्यात असताना, गप्प झाली. आवाज आधीही नव्हता, त्यामुळे ती बंद पडली हे कळायलाच सगळ्यांना वेळ लागला. काही टाळ्यासुद्धा पडल्या. मागून येणारं एक विमान थांबलं. त्याच्यामागे आणखी एक. विमानाच्या खिडक्यांतून चेहरे डोकावायला लागले. कोणीतरी फोन धरून शूटिंग करत होतं.

आता ओढून काढायला डिझेलचा ट्रॅक्टर हवा. तयार ट्रॅक्टर एकच होता आणि त्यावर कोण बसलं होतं? नवऱ्याने इंजिन चालू केलं, काळ्या धुराचा लोट पांढऱ्या टोप्यांवरून गेला, आणि तो ऐटीत म्हशीपुढे जाऊन उभा राहिला. अशा ओढकामात दोन्ही ड्रायव्हरांनी रेडिओवर एकमेकांना हाक द्यावीच लागते, नाहीतर टायर फाटतात. ते काम कंट्रोलला करता येत नाही. मी माइक खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

बराच वेळ नुसती खरखर. मग नवऱ्याचा आवाज.

"ब्रेक सोड."

"सोडला."

"नीट सोड."

"नीटच सोडलाय, भाऊजी. तुम्ही ओढा."

एवढ्यासाठी विमानतळ बंद पाडावा लागला.

चौकशी झाली. चौकशीत माझ्या नवऱ्याने सांगितलं, "मी कंट्रोलला सांगितलं होतं." माझ्या भावाने सांगितलं, "मला कंट्रोलने काही सांगितलं नाही." दोघंही खरं बोलले आणि दोघांनी मिळून खापर माझ्या डोक्यावर फोडलं. नियम समोरासमोर सांगण्याचा होता, असं मी ओरडून सांगितलं. साहेब म्हणाले, "पण रोज तुम्हीच सांगायचात ना?" म्हशीला लॉरीवर चढवून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी खिडकीची चौकट काळी होती आणि चहावर बशी होती.

आणि ते दोघं? बाहेर पडले तेच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. संकटात सापडलेल्या माणसांना सोबत लागते आणि शिव्या द्यायला तिसरं माणूस. आता पाळी बदलताना दोघं माझ्या खिडकीसमोर ट्रॅक्टरला टेकून चहा पितात, इंजिन चालू ठेवून. नियम पाळणारा माझा भाऊ! मी काचेवर हात आपटला तर दोघं मिळून दुसरीकडे बघतात. घरीही तेच. गप्पा काय, हसणं काय, एकमेकांना वाढणं काय. माझ्याशी मात्र एक शब्द नाही. माझी मुलगी स्वयंपाकघरात येऊन म्हणते, "आई, बाबा म्हणतात मीठ कमी आहे." पहिल्यांदा ती असं म्हणाली तेव्हा मी गॅस बंद करून तिला समोर बसवलं. मी तिला सांगितलं, "तू निरोप नेऊ नकोस. कोणाचाच नाही. त्यांना तोंड आहे."

परवा हिरव्या बाईंचा फोन आला. आवाज दबका होता, बहुतेक दार लावून बोलत असाव्यात. कंपनी काटा दुरुस्त करून म्हैस पुन्हा पाठवायला तयार होती. साहेबांनी एक शेवटची संधी दिली होती, पण अट एक. तेच दोन ड्रायव्हर, आणि ताबा समोरासमोर. "तुम्ही त्यांना विचाराल?" बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते आता एकमेकांशी बोलतात, माझ्याशीच बोलत नाहीत.

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी सांगू का त्यांना?"

किती सोपं होतं! हो म्हटलं असतं तर तिने दोन उड्यांत बाहेर जाऊन सांगितलं असतं. मला ती म्हैस हवी होती. पण मी तिला म्हटलं, "अभ्यासाला बस," आणि हात पुसून बाहेरच्या खोलीत गेले. दोघं जेवून टीव्हीसमोर पाय पसरून बसले होते. मी टीव्ही बंद केला आणि समोर उभी राहिले.

"म्हैस परत येतेय. चालवाल तर तुम्ही दोघं, नाहीतर कोणी नाही. माझा जीव घुसमटतोय त्या खोलीत. तुम्हाला ते रोज काचेतून दिसतं. हे मी तुम्हाला तोंडावर सांगतेय. आता तुम्ही मला तोंडावर सांगा, हो की नाही."

बोलता बोलता खोकला आला. तो थांबेपर्यंत दोघं बघत राहिले. नवऱ्याने भावाकडे पाहिलं, भावाने नवऱ्याकडे. मग नवरा भावाला म्हणाला, "सांग तुझ्या बहिणीला, बघू म्हणावं."

मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते.

माझ्या भावाने माझ्याकडे तोंड वळवलं. क्षणभर वाटलं, त्याला लाज वाटतेय. चेहऱ्यावर काहीतरी हललंही.

"ताई," तो म्हणाला, "भाऊजी म्हणतात, बघू."